वाफ्यास ठिबकाचे पाणी किती वेळ द्यावे?



ठिबकाच्या नळ्या आता मोठ्या बागाइतदारांच्याच मळ्यात राहिल्या नसून लहानशा परसातही दिसू लागल्या आहेत. ज्याने त्या नव्याने आणल्या त्याचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो की, "कॉक किती वेळ उघडा ठेवू?" आणि शेजाऱ्याचे उत्तरही ठरलेले असते: "आम्ही दोन तास ठेवतो, तुम्हीही ठेवा." सांगणाऱ्याच्या मनात कपट नसते, तथापि हे उत्तर घेणे म्हणजे शेजाऱ्याच्या अंगाचे माप देऊन आपला अंगरखा शिवून घेण्यासारखे आहे.

प्रस्तुत लेखकानेही असाच अंगरखा एकदा शिवून घेतला होता. परसात वांग्याचा एक वाफा होता आणि त्यास उन्हाळ्यात रोज दोन तास ठिबक चालू असे. तीन आठवड्यांत खालची पाने पिवळी पडली. ती पाहून मला वाटले की पाणी कमी पडते, म्हणून मी आणखी अर्धा तास वाढविला. पाने अधिकच पिवळी झाली. अखेरीस खुरप्याने एक झाड उपटून पाहिले, तेव्हा मुळे तपकिरी व मऊ झालेली आढळली आणि मातीस आंबूस वास येत होता. झाड तहानेने नव्हे, तर पाण्यात गुदमरून मरत होते. मुळांसही हवा लागते. मातीतील सर्व पोकळी पाण्याने भरून राहिली की मुळांस श्वास घेता येत नाही.

त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडत होती, तिच्याकडे माझे लक्ष उशिरा गेले. ज्या विहिरीचे पाणी मी वाफ्यास देत होतो त्याच विहिरीवर संध्याकाळी शेजारच्या बाया घागरी घेऊन येत, आणि शेवटच्या दोघीतिघींच्या घागरी तळाच्या गाळास लागत. त्यांपैकी कोणी मला बोलले नाही. परंतु पुढे कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला तेव्हा त्यांचे पाणी कोठे जात होते हे मला कळले. तो हिशेब हाच आजचा धडा होय.

१. वेळ हे पाण्याचे माप नव्हे

प्रथम एक गोष्ट मनात पक्की ठसवावी. झाडास तास आणि मिनिटे ठाऊक नाहीत. त्यास पाणी ठाऊक आहे. म्हणून "किती वेळ?" हा पहिला प्रश्न नव्हे. पहिला प्रश्न, "वाफ्यास आज किती पाणी पाहिजे?" दुसरा प्रश्न, "माझ्या नळ्या एका तासात किती पाणी देतात?" ह्या दोहोंची उत्तरे मिळाली की पहिल्यास दुसऱ्याने भागावे, म्हणजे वेळ आपोआप हाती येतो.

ठिबकाची युक्ती मुळातच मोजून देण्याची आहे. इस्राएल देशात सिम्खा ब्लास नावाच्या जलअभियंत्याने, गळत्या नळाजवळचे एक झाड इतरांहून पुष्कळ मोठे झालेले पाहिले व त्यावरून त्यास ही कल्पना सुचली, असे सांगतात. पुढे नेगेवच्या रुक्ष प्रदेशात, बैर-शेब्याजवळच्या हात्झेरीम वसाहतीत, १९६५ साली अशा नळ्यांच्या कारखान्याची स्थापना झाली. जेथे पाण्याचा थेंब मोलाचा तेथेच ही विद्या वाढली. ती घरी आणून पाणी मात्र न मोजता सोडणे, म्हणजे तराजू विकत घेऊन मुठीने धान्य विकणे होय.

२. एका मिलिमीटराचा अर्थ

पाऊस मिलिमीटरांत मोजतात हे आपणांस माहीत आहे. झाडांची तहानही त्याच मापाने मोजतात. एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशा जागेवर एक मिलिमीटर उंचीचे पाणी उभे केले, तर ते बरोबर एक लिटर भरते. हे वाक्य पाठ करून ठेवावे, कारण सर्व हिशेब ह्यावरच उभा आहे.

आता आपला वाफा मोजा. माझा गादीवाफा १० मीटर लांब व १.२ मीटर रुंद आहे. म्हणजे १२ चौरस मीटर. ह्यास एक मिलिमीटर पाणी द्यावयाचे म्हणजे १२ लिटर द्यावयाचे. वाफ्यांमधील वाट ह्यात धरू नये, कारण वाटेस पाणी द्यावयाचे नाही. परंतु झाडे मोठी होऊन त्यांचा पाला वाटेवर पसरला असेल, तर दुपारी जेवढ्या रुंदीवर सावली पडते तेवढी रुंदी धरावी.

३. वाफ्याची दिवसाची तहान

ऊन, वारा व कोरडी हवा ही तिन्ही मिळून पाणी उडवितात. ते किती उडते हे मोजण्यासाठी वेधशाळांत व कृषिसंशोधन केंद्रांत एक गोल उघडे पात्र ठेवलेले असते. त्याचा व्यास सुमारे १२१ सेंटिमीटर व खोली २५ सेंटिमीटर असते. त्यातील पाणी दिवसात किती मिलिमीटर उतरले ते रोज लिहून ठेवितात. दख्खनच्या पठारावरील कोरड्या भागात मे महिन्यात ते दिवसाला १० ते १२ मिलिमीटर उतरते, तर डिसेंबरात सुमारे ४ मिलिमीटर. आपल्या जिल्ह्याचा आकडा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्यावा.

उघड्या पात्रातून पाणी जितके उडते तितके शेतातून उडत नाही. म्हणून पात्राचा आकडा साधारणपणे ०.७ ने गुणितात. त्यानंतर पिकाचे वय पाहावे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत पिकापिकाचे गुणक दिले आहेत. वांग्याच्या लहान रोपांस तो ०.६ आहे, भर बहरात १.०५, आणि शेवटास ०.९. टोमॅटोचा भर बहरातील गुणक १.१५ आहे. अर्थ असा की, लहान रोपास मोठ्या झाडाच्या निम्म्याहून थोडे अधिक पाणी पुरते. आणि जो लागवडीपासून तोडणीपर्यंत एकच वेळ धरून चालतो तो आरंभी रोपे बुडवितो व पुढे झाडे सुकवितो.

आता मे महिन्यातील बहरास आलेल्या वांग्याचा हिशेब असा:

पात्रातील घट ११ मिलिमीटर. त्यास ०.७ ने गुणिले, ७.७ झाले. त्यास १.०५ ने गुणिले, सुमारे ८ मिलिमीटर झाले. वाफा १२ चौरस मीटर, म्हणून १२ गुणिले ८, म्हणजे ९६ लिटर.

ठिबकातही थोडे पाणी वाया जातेच, आणि सर्व तोट्या सारख्या वाहत नाहीत. सबब चांगल्या स्थितीतील ठिबकासाठी ह्या आकड्यास ०.९ ने भागावे. उत्तर सुमारे १०७ लिटर. ही त्या वाफ्याची मे महिन्यातील एका दिवसाची तहान.

४. नळ्या तासाला किती देतात?

माझ्या वाफ्यावर दोन लॅटरल नळ्या आहेत व त्यांत ३० सेंटिमीटरांवर एकेक तोटी, म्हणजे ड्रीपर, आहे. दहा मीटरांत ३३ तोट्या, दोन नळ्यांच्या मिळून ६६. विकणाऱ्याने सांगितले होते की प्रत्येक तोटी तासाला २ लिटर देते. तर ६६ गुणिले २, म्हणजे तासाला १३२ लिटर.

आता भागाकार करू. १०७ भागिले १३२, म्हणजे ०.८१ तास, त्यास ६० ने गुणिले की ४९ मिनिटे होतात. मी देत होतो दोन तास! दोन तासांत २६४ लिटर जात. त्यांतील १५७ लिटर झाडांच्या कामी येत नसत. आमच्याकडील घागर सुमारे १५ लिटरांची. रोज दहा घागरी पाणी मी मातीखाली लोटीत होतो, आणि तेही झाडे मारण्यासाठी. विहिरीवर कोणाच्या घागरी रित्या राहत होत्या हे वर सांगितलेच आहे.

हाच वाफा डिसेंबरात धरा. ४ गुणिले ०.७ गुणिले १.०५, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर, ३६ लिटर, ०.९ ने भागून ४० लिटर. त्यास लागतात केवळ १८ मिनिटे. आणि मे महिन्यातच वाफ्यात लहान रोपे असतील तर ७.७ गुणिले ०.६, म्हणजे ४.६ मिलिमीटर, त्यास सुमारे २८ मिनिटे पुरतात. वाफा एकच, नळ्या त्याच, परंतु वेळ १८, २८ व ४९ मिनिटे. ह्यावरून "आम्ही दोन तास ठेवतो" ह्या उत्तराची किंमत वाचकांनीच करावी.

५. विकणाऱ्याचा आकडा डब्याने तपासावा

तोटीवरील आकडा नव्या नळीचा व योग्य दाबाचा असतो. नळी जुनी झाली, गाळ साचला, दाब उतरला, की तोच आकडा खोटा ठरतो. म्हणून पुढील परीक्षा प्रत्येक हंगामाच्या आरंभी करावी. तीस काही खर्च नाही.

सारखे चार-पाच लहान डबे घ्या. नळीच्या आरंभी, मध्यावर व शेवटी अशा निरनिराळ्या तोट्यांखाली माती उकरून ते ठेवा. ठिबक सुरू करून शेवटची तोटी नीट ठिबकू लागेपर्यंत थांबा. मग घड्याळ लावून बरोबर ६ मिनिटे पाणी धरा. सहा मिनिटे म्हणजे तासाचा दहावा भाग. म्हणून डब्यात जितके मिलिलिटर भरले त्यास दहाने गुणिले की तासाचे माप मिळते. औषधाच्या बाटलीवरील मापाचे झाकण हे पाणी मोजण्यास पुरेसे आहे.

दुसऱ्या उन्हाळ्यात मी ही परीक्षा केली तेव्हा चार डब्यांत १७०, १६०, १६० व १५० मिलिलिटर पाणी भरले. सरासरी १६०; म्हणजे तोटी तासाला २ लिटर नव्हे, तर १.६ लिटर देत होती. ६६ तोट्यांचे तासाला सुमारे १०६ लिटर झाले, आणि ४९ मिनिटांऐवजी १ तास लागू लागला. गतवर्षी जो अधिक पाणी देऊन चुकला, तोच ह्या वर्षी परीक्षा न करिता कमी देऊन चुकला असता.

शेवटच्या डब्यात आरंभीच्या डब्यापेक्षा फारच कमी पाणी भरले, तर वेळ वाढविण्याआधी नळी साफ करावी. नळीच्या शेवटची घडी अथवा झाकण सोडून स्वच्छ पाणी येईपर्यंत ते वाहू द्यावे व गाळणीची जाळी धुवावी. विहिरीचे पाणी जड असून तोटीवर पांढरा थर बसला असेल, तर त्यास आम्लाची प्रक्रिया लागते. ती माहितगाराच्या देखरेखीखालीच करावी.

जे पिंपातून ठिबक चालवितात त्यांनी तर ही परीक्षा अवश्य करावी. साध्या तोटीचा नियम असा आहे की, दाब चौथा हिस्सा राहिला तर पाणी निम्मे येते. पाण्याच्या १० मीटर उंचीने जो दाब मिळतो, साधारणपणे त्या दाबासाठी २ लिटरांचा आकडा छापलेला असतो. पिंप एका मीटराच्या ओट्यावर ठेविले तर दाब दहावा हिस्सा होतो व पाणी तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडे कमी येते. तेथे वेळ तिपटीहून अधिक लागेल. पिंपवाल्यांस ह्याहून सोपा उपाय असा की, वेळ मोजूच नये. वाफ्याची तहान १०७ लिटर असेल तर पिंपात तेवढेच पाणी भरावे आणि ते संपेपर्यंत वाहू द्यावे.

६. मातीचा विचार

एकूण पाणी किती द्यावयाचे हे हवा व झाड ठरविते. ते एकदम द्यावयाचे की विभागून, हे माती ठरविते.

हलकी, वाळूसर माती चाळणीसारखी असते. तीत पाणी आडवे न पसरता सरळ खाली जाते, आणि ती फार साठवीतही नाही. मुळांची ३० सेंटिमीटर खोली धरिली तर अशा मातीत झाडास उपयोगी असे सुमारे १८ मिलिमीटर पाणी राहते. त्यातील अर्धे संपण्यापूर्वी पुन्हा पाणी द्यावे असा नियम आहे. म्हणजे हाताशी ९ मिलिमीटरच राहिले. मे महिन्यात रोजची तहान ८ मिलिमीटर. सबब एक दिवस चुकला की झाड कोमेजलेच. अशा मातीत रोज, आणि तेही सकाळी अर्धे व संध्याकाळी अर्धे, असे द्यावे.

भारी काळ्या मातीत तितक्याच खोलीत सुमारे ६० मिलिमीटर उपयोगी पाणी राहते. त्याचे अर्धे ३०. म्हणून तेथे एक दिवसाआड दोन दिवसांचे पाणी दिले तरी चालते. परंतु काळी माती पाणी हळू पिते. पाणी वर साचून वाटेकडे वाहू लागले की कॉक बंद करावा, अर्धा तास थांबावे व उरलेले पाणी मग द्यावे. ज्या गावी वीज ठराविक तासच असते तेथील बंधूंनी हे ध्यानात ठेवून आधी भारी मातीचे वाफे व मध्यंतरी इतर वाफे अशी पाळी लावावी.

७. पाऊस व आच्छादन

सरळ उभ्या भिंतीचा डबा उघड्या जागी ठेवून पाऊस मोजावा. डब्यात २० मिलिमीटर पाणी भरले तर १२ चौरस मीटरांच्या वाफ्यावर २४० लिटर पडले. ते सर्व मुळांस लाभेलच असे नाही, तरी दोन दिवस ठिबक बंद ठेवण्यास हरकत नाही. वाफ्यावर प्लास्टिकचा कागद असेल तर मात्र पाऊस आत शिरत नाही हे विसरू नये. आणि विहिरीचे पाणी मचूळ असेल तर पहिल्या हलक्या सरीत ठिबक बंद करू नये. ओलाव्याच्या कडेस साचलेले मीठ ती सर मुळांकडे ढकलते, आणि ठिबक चालू असल्यास ते पुन्हा दूर राहते.

उसाचे पाचट, वाळले गवत किंवा पालापाचोळा ह्यांचा थर वाफ्यावर घातल्याने मातीवरून उडणारे पाणी वाचते. हे ज्याने केले त्याने हिशेबापेक्षा थोडे कमी पाणी देऊन पाहावे व पुढील परीक्षेने ते ठरवावे.

८. शेवटची साक्ष खुरप्याची

कागदावरचा हिशेब वाटाड्या आहे, मालक नव्हे. पाणी दिल्यावर तीन-चार तासांनी तोटीपासून वीतभर अंतरावर खुरप्याने उकरून पाहावे. वीतभर खोलीची माती मुठीत दाबली असता तिचा लाडू वळला, परंतु बोटांमधून पाणी निघाले नाही, तर वेळ बरोबर आहे. लाडू फुटला तर पाच मिनिटे वाढवावीत. बोटे चिकट ओली झाली तर पाच मिनिटे कमी करावीत. दुपारच्या उन्हात पाने मान टाकतात म्हणून घाबरू नये. सकाळीही ती उभी नसतील तरच पाणी कमी आहे असे समजावे, आणि तेव्हाही आधी मुळे पाहावीत. मी ती पाहिली नाहीत, हीच माझी चूक होती.

आता माझ्या वाफ्याशेजारी भिंतीवर खडूने तीन ओळी लिहिलेल्या असतात: महिना, लिटर, मिनिटे. महिना बदलला की त्या पुसून नव्या लिहितो. वांगी मागीलपेक्षा अधिक येतात. आणि संध्याकाळी विहिरीवर शेवटची बाई दोर सोडते तेव्हा घागर पाण्यात बुडाल्याचा आवाज घरापर्यंत ऐकू येतो.

अभ्यासाचे प्रश्न

(जे वाचक रात्रीच्या वर्गात इतरांस शिकवितात त्यांनी हे प्रश्न पाटीवर सोडवून घ्यावेत.)

१. एक चौरस मीटर जागेवर ५ मिलिमीटर पाणी म्हणजे किती लिटर?

२. लहान रोपांस व बहरातील झाडांस सारखाच वेळ पाणी दिल्याने काय हानी होते?

३. डब्याची परीक्षा सहाच मिनिटे का करावी?

४. हलक्या मातीत पाणी विभागून का द्यावे?

५. मिरचीचा वाफा ६ मीटर लांब व १ मीटर रुंद आहे. त्यावर ४० तोट्या आहेत. सहा मिनिटांत डब्यात सरासरी १५० मिलिलिटर पाणी भरले. दिवसाची तहान, सर्व गुणक धरून, ५ मिलिमीटर आहे. ठिबक किती वेळ चालवावे? (उत्तर: तहान ३० लिटर, ०.९ ने भागून सुमारे ३३ लिटर. नळ्या तासाला ६० लिटर देतात. म्हणून ३३ मिनिटे.)

६. आपल्या स्वतःच्या वाफ्याचा हिशेब करून, आपण आजवर रोज किती घागरी अधिक अथवा उण्या देत होता ते लिहा.